माईक कुठं ठेवायचा

भोंगा बांधायला झाड लागतं. निंब असेल तर बरं, बाभळ असेल तर पोटऱ्या सोलून निघतात. मी साउंडच्या धंद्यात आलो तो झाडावर झरझर चढता येतं एवढ्या एकाच भांडवलावर. मामाचं दुकान होतं. दोन मशिनी (म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर), चार भोंगे, तीन माईक, वायरची भेंडोळी आणि ट्रॅक्टरची एक जुनी बॅटरी. दहावीला गणितात गचकलो तेव्हा मामा म्हणाला, ‘‘रडत काय बसलास? यात्रेला माणूस लागतंय.’’

ही १९९३च्या पौषातली गोष्ट. पौष पौर्णिमा म्हणजे आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या साउंडवाल्यांची तारांबळ. मालेगावजवळ गिरणाकाठी चंदनपुरीला खंडोबाची यात्रा तेव्हाच भरते आणि निफाड तालुक्यात नैताळ्याला मतोबाची यात्राही तेव्हाच सुरू होते. मामानं एक मशीन स्वतः नैताळ्याला नेली आणि दुसरी घेऊन मला एका जाणत्या गड्याबरोबर चंदनपुरीला धाडलं. चंदनपुरी म्हणजे बानूचं गाव. तिच्यासाठी खंडोबा इथं चाकर होऊन मेंढरं राखत राहिला, अशी कथा. भंडाऱ्यानं जमीन पिवळी झालेली, थंडीनं ओठ फुटलेले आणि मी निंबाच्या शेंड्यावर. वरून पाहिलं तर गर्दी अशी एक नव्हतीच. माणसांची लहान-लहान रिंगणं होती. प्रत्येक रिंगणात एक तुणतुणं, एक डिमडी, घोळ वाजवणारी एखादी बाई. कुणाचं तोंड कुणीकडे तर कुणाचं कुणीकडे. आणि आमच्याकडे माईक एक. तो आम्ही कमिटीच्या मांडवात उभा केला. त्यावरून दिवसभर हरवलेल्या पोरांची आणि देणगीदारांची नावं गेली.

त्या गोष्टीला तीसेक वर्षं झाली. गोंधळ, जागरण, भारुड, भीमगीतं, तमाशा, भजनाच्या दिंड्या, शाळांची स्नेहसंमेलनं, आणि आता दर दोन-तीन गावांआड निघालेले लोककला महोत्सव, सगळीकडे माझी वायर पसरलेली आहे. मला राग ओळखता येत नाहीत, ताल मोजता येत नाहीत. माईक कुठं ठेवायचा एवढंच कळतं, आणि ते कळायलाही निम्मी वर्षं गेली.

सुरुवातीची आठ-नऊ वर्षं आम्ही निव्वळ भोंग्यावर काढली. भोंगा आवाज लांब फेकतो. ‘अमुक गावचे पाटील असतील तिथून स्टेजकडे या’ हे शिवारापलीकडच्या वस्तीवर स्वच्छ ऐकू जातं. पण खर्ज त्याच्या घशातून निघत नाही. हे मला शिकवलं एका गोंधळी बाबांनी. चैत्रात खानदेशातली माणसं उन्हातान्हाची सप्तशृंगगडाकडे पायी निघतात. त्यांच्या वाटेवरच्या एका गावात गोंधळ ठेवला होता. बाबा साठीच्या पुढचे. सुरुवात व्हायच्या आधी त्यांनी संबळ पोराच्या गळ्यात अडकवलं, ‘वाजव’ म्हणाले आणि स्वतः चालत चालत पार वेशीपर्यंत गेले. परत आले ते सरळ माझ्यापुढे.

‘‘पोरा, संबळाला भांडी किती?’’

‘‘दोन, बाबा.’’

‘‘वेशीत एकच वाजतंय. दुसरं कुठं ठेवलंस?’’

मी हसलो. ते हसले नाहीत. माझा हात धरून मला वेशीपर्यंत घेऊन गेले आणि उभं केलं. खरंच, नुसती कडकड येत होती. संबळाचं धाकटं भांडं कडाडतं आणि मोठं घुमतं. ती घुमी भोंग्यातून बाहेरच पडत नव्हती. म्हणजे इतकी वर्षं आमच्या पंचक्रोशीनं अर्धंच संबळ ऐकलं आणि भाडं आम्ही पुरतं घेतलं. त्या रात्री माझ्याकडे इलाज नव्हता. बाबाच म्हणाले, ‘‘राहू दे. लांबच्याला अर्धं, जवळच्याला पुरतं.’’ पण ते बोलणं मला लागलं. २००१ साली जुन्या बाजारातून पंधरा इंची स्पीकरचे दोन बॉक्स घेतले तेव्हा पहिली आठवण त्यांची आली. तेव्हापासून एक सवय लागली आहे. कार्यक्रम सुरू झाला की पहिल्या पाच मिनिटांत मशीन सोडायची आणि शेवटच्या माणसापर्यंत चालत जायचं. तिथं उभं राहिल्याशिवाय आपण काय विकतोय ते कळत नाही.

स्टेजवर माईक मांडायचा एक क्रम असतो. तो कुठं लिहिलेला नाही, पण प्रत्येक गावाला पाठ असतो. चांगला माईक निवेदकाला, कारण त्यातून पाहुण्यांची नावं जाणार. त्यानंतरचा गायकाला. मग ढोलकीला. पेटीला उरला तर. कोरसला दोघांत एक. माझ्याकडे माईक मोजके असल्यानं हा क्रम मी तंत्राचा मानायचो. तो मानाचा होता.

आणि हलगी? हलगीवाले स्टेजच्या खाली, एका अंगाला, शेकोटीपाशी. शेकोटी लागतेच. दवानं कातडं ढिलं पडतं, शेकलं की ताठ होतं आणि हलगी पुन्हा बोलायला लागते. त्यामुळे ‘ते खालीच बरे’ म्हणायला सगळ्यांना एक सोयीचं कारण मिळालं होतं. मलाही. ‘हलगीला माईक कशाला? ती मुळातच मोठी.’ हे काही खोटं नव्हतं. पण त्यांची जेवणाची पंगतही वेगळी आणि उशिरा असायची. त्याला दवाचं कारण नव्हतं. एका गावात हलगीवाल्यांपैकी एकानं मला विचारलं होतं, ‘‘भाऊ, आमच्यापुढंही एक ठेवा की, पोरगं म्हणतंय टेपमध्ये आपलं वाजलेलं येतच नाही.’’ त्या काळी कार्यक्रमाची कॅसेट भरायची पद्धत होती. मी म्हणालो, ‘‘वायर पुरत नाही.’’ वायर पुरत होती. गाडीत एक अख्खं भेंडोळं पडलं होतं. ते काढायचं, जोडायचं, पुन्हा गुंडाळायचं, आणि वर कमिटीतलं कुणीतरी ‘हे काय नवीन’ म्हणणार. एवढ्यासाठी मी खोटं बोललो. पहिल्या पंगतीला बसून, जेवून उठलो.

हे मला तेव्हा टोचलं नाही. टोचलं ते नंतर, भीमगीतांच्या कार्यक्रमांत. एप्रिल उजाडला की आमची गाडी जिल्हाभर फिरते. नाशिक ही वामनदादा कर्डकांची भूमी. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली त्यांचा जन्म झाला. तरुण वयापर्यंत अक्षरओळख नसलेल्या या माणसानं पुढं हजारो गाणी लिहिली आणि खेडोपाडी गायली. २००४च्या मे महिन्यात ते गेले. मी धंद्यात रुळलो तोवर ते थकले होते, पण त्यांची गाणी गाणारे प्रत्येक मोहल्ल्यात होते आणि आजही आहेत. या कार्यक्रमांत क्रम वेगळा दिसला. हलगी वाजवणाऱ्याचाच भाऊ तिथं गायक होता. कोरसच्या पोरांपुढंही माईक. सगळे वर, सगळे एका सतरंजीवर. आणि ऐकणारे असे की एक शब्द चुकला तर मागून आवाज येणार, ‘‘दादांचा शब्द तो नाही.’’

तिथंच मला एकोचा धडा मिळाला. एको म्हणजे आमच्या धंद्यातली साखर. आवाज पातळ असो, बेसूर असो, जरा एको वाढवला की गायक खूश. मी सवयीनं बटण फिरवलं. गायकानं कडवं अर्ध्यावर थांबवलं आणि माईकवरूनच म्हणाला, ‘‘साउंडवाले दादा, एको काढा. इथं माणसं शब्द ऐकायला आलीत. एकच शब्द दोनदा गेला की पुढचा झाकला जातो.’’ सगळ्यांसमोर बोलला म्हणून राग आला. घरी गेल्यावर पटलं. गोंधळातली आख्यानं, जागरणातल्या कथा, तमाशाची बतावणी, सगळा खेळ शब्दांचा आहे. आणि इतकी वर्षं मी त्यांना साखर लावून बुळबुळीत करत होतो.

बायांच्या बाबतीतली चूक मात्र आवाजाची नव्हती. एका जागरणात निवेदक आला नाही, म्हणून माईक माझ्याच हातात दिला गेला. मी झोकात पुकारलं, ‘‘आता येत आहेत प्रसिद्ध मुरळी...’’ बाई पुढं आल्या, गाणं छान झालं. उतरताना मात्र माझ्यापाशी थांबल्या. ‘‘दादा, वाघ्याला तुम्ही वाघ्या म्हणालात तर त्याचा मान वाढतो. मला मुरळी म्हणालात की खालची पोरं शिट्ट्या मारतात. ऐकलं नाही का? गायिका म्हणा.’’ मी ऐकलं होतं. शिट्ट्या गर्दीचा उत्साह म्हणून मी आवाज एक घर वाढवलाही होता. मुली देवाला सोडायची चाल कायद्यानं बंद आहे. त्या बाई संसार करून, दोन पोरं शिकवून, हंगामात द्राक्षाच्या बागेत मजुरी करून गाणाऱ्या. एका शब्दानं मी त्यांना शंभर वर्षं मागं नेऊन उभं केलं होतं. माईक हातात आला की जीभ जड ठेवावी, हे तेव्हापासून पाळतो.

लोककलेवर भाषण करणारे एक गोष्ट हमखास सांगतात. लाईट गेली, माईक बंद पडला, आणि मग खरी कला ऐकू आली. माझ्याही वाट्याला तशी रात्र आली. तालुक्यातल्या एका गावात भारुड रंगलं होतं, समोर सातआठशे माणूस. वायर जळाली, सगळं काळं झालं. जनरेटरमधलं डिझेल संपलेलं. ते भरायचं काम माझं. कलाकारांनी गाणं थांबवलं नाही. पुढचे दोनशे लोक गप्प बसून ऐकत राहिले, आणि पुढच्यांना ती रात्र जन्मभर आठवेल. पण मागं काय झालं ते मी पाहिलं, कारण मी मागंच होतो. मागच्या बाया पोरं काखेत मारून उठल्या. म्हातारे उठले. दहा मिनिटांत अर्धं मैदान रिकामं झालं. मागं कोण बसतं हे आपल्या गावांत सांगावं लागत नाही. उशिरा जेवणारे, उशिरा कामावरून आलेले आणि ज्यांना पुढं जागा नसते ते. त्यांच्यासाठीच माईक असतो. त्यामुळे ‘माईकनं लोककला मारली’ असं कुणी म्हणालं की मी मान हलवत नाही. चुकीच्या जागी ठेवलेल्या माईकनं मात्र पुष्कळ मारलं, त्यात माझाही हात आहे.

मग आला दहाचा नियम. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले आणि २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावल्यावर पोलीसपाटलापासून सगळे कडक झाले. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. वर्षातून मोजक्या, जास्तीत जास्त पंधरा दिवसांना बारापर्यंत सूट. नियम वाईट नाही. आजारी माणसाच्या उशापाशी रात्रभर भोंगा वाजताना मी पाहिलेला आहे, आणि तो माझाच होता. पण ज्यांचा कार्यक्रमच रात्रीचा, त्यांची गोची झाली. तमाशात गण, गौळण, बतावणी आणि मग वग. पूर्वी वग संपेपर्यंत तांबडं फुटायचं. आता बतावणीतच घड्याळाकडं डोळे लागायला लागले. नारायणगावच्या राहुट्यांत सुपारी ठरवतानाच गावकरी विचारू लागले, ‘‘दहाच्या आत बसवाल का?’’

माझ्यापुरता मात्र या नियमाचा फायदा झाला आणि तो मला फार उशिरा कळला. जागरणाच्या सुपारीत मी दहाला मशीन बंद करायचो, माईक पुसून पेटीत ठेवायचो आणि टेम्पोत जाऊन झोपायचो. पहाटे उठून वायर गुंडाळायची, पैसे घ्यायचे, निघायचं. मला वाटायचं, दहाला कार्यक्रम संपतो. सात-आठ वर्षं मी असाच झोपलो. एकदा टेम्पोत दुसऱ्याचं सामान भरलेलं होतं, झोपायला जागा नव्हती, म्हणून घोंगडी पांघरून तिथंच ओट्यावर बसलो.

दहाला गर्दी गेली. घरचे, भावकीतले, शेजारचे असे तीस-चाळीस लोक उरले. वाघ्यानं फेट्याचा शेला सैल केला, पाणी प्यायला आणि पहिल्यांदा नीट मांडी घालून बसला. आवाज खाली आला. संध्याकाळी माईकवर चढ्या पट्टीत दामटलेलंच गाणं त्यानं पुन्हा घेतलं, आणि आता त्यात घरच्यांची नावं आली, नवरानवरीची थट्टा आली, गेल्या वर्षी वारलेल्या आजोबांचा कुलदेवतेपुढं उल्लेख आला. आजी पदर डोळ्याला लावून बसली. मधेच एक पोर रडलं तर त्या रडण्यालाही त्यानं गाण्यात घेतलं. एकीकडे दिवटी जळत होती, तेल घालणारा डुलक्या घेत होता. पहाटे लंगर तुटला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. लोखंडाची साखळी एका हिसक्यात. मीही उभा राहिलो आणि लक्षात आलं की इतकी वर्षं मी ज्याला कार्यक्रम समजत होतो ती नुसती दवंडी होती. बोलावून आणलेल्या माणसांतली घरची माणसं राहिली, की मग जागरण सुरू व्हायचं. तेव्हा मी घोरत असायचो.

‘‘बाबा, संध्याकाळी असं का गात नाही?’’ मी सकाळी चहाच्या वेळी विचारलं.

‘‘तुझा माईक उभा असतो ना. उभ्या माणसाशी उभ्यानंच बोलावं लागतं.’’

त्यानंतर मी पहिली खरेदी केली ती आखूड स्टँडची. बसून गाणाऱ्याला बसूनच गाता यावं म्हणून. गोष्ट पाच-सातशे रुपयांची, सुचायला वीस वर्षं लागली.

गेल्या काही वर्षांत महोत्सव आले. आमच्या तालुक्याच्या गावीही काही शिक्षकांनी आणि हौशी तरुणांनी शाळेच्या मैदानावर तीन दिवसांचा लोककला महोत्सव सुरू केला. हेतू चांगला. एका मंचावर वाघ्या-मुरळी, गोंधळी, शाहीर, आणि सुरगाणा, पेठ, कळवणकडची आदिवासी मंडळी. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. आता बोहाड्यातली सोंगं मुखवटे चढवून, संबळ-पिपाणीच्या तालावर रात्र-रात्र गावातून नाचत येतात. गाव त्यांची वाट पाहत बसतं. ती वाट पाहणं पंधरा मिनिटांत कुठून आणायचं? पहिल्या वर्षी सोंग डाव्या विंगेतून आलं, उजव्या विंगेत गेलं. टाळ्या पडल्या. मुखवटा काढल्यावर तो माणूस मला म्हणाला, ‘‘संपलं? अजून अंगात यायचा होता देव.’’

पावरीवाल्यांनी मला खरा घाम फोडला. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात, मार्गशीर्षात, माऊल्या रिंगण धरून नाचतात आणि पावरीवाला त्यांच्याबरोबर फिरत राहतो. भोपळा, बांबू आणि शिंग यांचं ते वाद्य, श्वास तुटू न देता फुंकायचं. मी पुढं माईक उभा केला. पावरी माझ्याकडं तोंड करून आली की गर्र आवाज, पाठ फिरवली की शून्य. मी त्या भाऊंना खूण केली, ‘इथंच थांबा.’ ते थांबले. रिंगण त्यांच्याभोवती अडखळलं, दोघे एकमेकांवर आदळले, नाच मोडला. उतरल्यावर म्हातारे भगत शांतपणे म्हणाले, ‘‘पावरी थांबली की पाय कुठं जातील?’’ दुसऱ्या वर्षी मी मांडवाच्या आडव्या बांबूला दोन माईक टांगले, रिंगणाच्या बरोबर डोक्यावर. आवाज थोडा लांबचा आला, पण फिरता आला. पावरी जवळ येते, लांब जाते, हे ऐकू येणं हाच तो नाच आहे.

त्याच महोत्सवात एकानं थाळीवरची कथा आणली. काशाच्या थाळीवर मधोमध मेणानं एक काडी उभी चिकटवायची आणि बोटांनी ती वरून खाली ओढत राहायची. भुंगा घुमावा तसा एक नाद निघतो, त्या नादावर कथा सांगतात. कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची कथा. कुणी वारल्यावरच्या विधींतही ही थाळी वाजते. मी माईक थाळीच्या अगदी जवळ नेला, आवाज वाढवला, आणि शिटी बसली. कमी केला तर काही नाही. पुन्हा वाढवला, पुन्हा शिटी. शेवटी ते बाबाच उठले, थाळी उचलली आणि पायऱ्या उतरून लोकांत जाऊन बसले. मागं उभे असलेले लोक पुढं सरकले. मी माईक बंद केला. भारुडाच्या रात्री माईक हवाच होता, या थाळीला नकोच होता. सगळ्यांना एकच औषध नाही. हे डॉक्टरला शिकवावं लागत नाही, साउंडवाल्याला लागतं.

कलाकार माझे गिऱ्हाईक नव्हेत, कमिटी गिऱ्हाईक. त्यामुळे त्यांची ओळख व्हायची ती पैसे मिळायची वाट पाहत बसल्यावर, रात्री दोनला, टेम्पोच्या फाळक्यावर. तेव्हा कळायचं, ढोलकीवाला कांद्याच्या चाळीत कामाला आहे, शाहीर द्राक्षाच्या छाटणीला जातो, गोंधळ्याचं पोर रिक्षा चालवतं. एका शाहिरानं प्लास्टिकच्या पिशवीतून कात्रणं काढून दाखवली. ज्येष्ठ कलावंतांना शासनाकडून महिन्याला मानधन मिळतं, त्याच्या अर्जाला जोडायची होती. चाळीस वर्षं गाऊन कात्रणं निघाली तीन. ‘‘तुमच्या वहीत तारखा असतील ना?’’ त्यांनी विचारलं. माझ्या वहीत होत्या. गाव, तारीख, भाडं, बाकी. कलाकाराचं नाव मात्र एकाही पानावर नव्हतं. मी फक्त ‘गोंधळ’, ‘जागरण’, ‘शाहीर पार्टी’ असं लिहीत आलो होतो. आता नावं लिहितो, हलगीवाल्यापर्यंत सगळ्यांची. वहीला किती किंमत मिळेल माहीत नाही, पण कुणी विचारलं तर पान काढून देता येतं.

२०२०च्या मार्चमध्ये यात्रा बंद झाल्या तेव्हा गोदामात उंदरांनी दोन भेंडोळी कुरतडली. पाडव्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचा तमाशाचा ऐन हंगाम बुडाला. पुढचं वर्षही तसंच. त्या दिवसांत वहीतले काही जण फोन करायचे. काम नाही हे दोघांनाही माहीत असायचं. एकानं फोनवरच ढोलकी वाजवून दाखवली. फोनमधून खर्ज आला नाही. मी म्हणालो, ‘‘एकच बाजू ऐकू येतेय.’’ तो म्हणाला, ‘‘ऐकतोयस ना? मग झालं.’’

शेवटची गोष्ट २०२३च्या फेब्रुवारीतली, त्याच महोत्सवातली. आता पोरं आयोजनात आली आहेत, त्यांनी हलगीचा संच मानानं वर स्टेजवर बसवायचा ठरवला. मी चार माईक मांडून ठेवले, अगदी ओळीत. संचातले वयस्क नाना वर आले, इकडं-तिकडं पाहिलं आणि माझ्याकडं बघत राहिले.

‘‘भोंगेवाला ना तू? ज्याची वायर पुरत नव्हती?’’

मी त्यांना ओळखलं नव्हतं. त्यांनी मला ओळखलं, आणि वायरसुद्धा लक्षात ठेवली. काय बोलावं सुचेना. म्हणालो, ‘‘नाना, आज चारही माईक तुमच्यापुढंच आहेत.’’

‘‘ते दिसतंय. पण वर शेकोटी कुठाय? दव पडायला लागलंय. दुसऱ्या गाण्याला हलगी बसेल.’’

आयोजक पोरं गोंधळली. खाली पाठवलं तर अपमान, वर ठेवलं तर वाजणार नाही. नानांना असा पेच पडलेला नव्हता. ते पायऱ्या उतरले, मैदानाच्या कडेला पाचट आणि लाकडं गोळा करायला पोरांना सांगितलं आणि हलगी शेकत उभे राहिले. मला हाक मारली, ‘‘आण इकडं तुझं ते.’’

स्टेजपासून शेकोटीपर्यंतचं अंतर वायरीपेक्षा जास्त होतं. या खेपेला खरोखरच पुरत नव्हती. मी गाडीतून दुसरं भेंडोळं काढलं, दातानं वायर सोलली, जोड मारला, चिकटपट्टी गुंडाळली आणि ओढत ओढत लोकांच्या पायांतून, सतरंज्यांखालून शेकोटीपाशी नेली. चारही माईक खाली आले. लोक आपोआप तिकडं वळून बसले.

वाजवायच्या आधी नाना म्हणाले, ‘‘जरा लांब ठेव. हलगी मुळातच मोठी.’’

मी चारही माईक दोन हात मागं घेतले. मग नेहमीसारखा मशीन सोडून शेवटच्या माणसापर्यंत चालत गेलो.